परमनंट, बदली आणि भोंगा

न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ रविवारी सकाळी फोन करतो. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. घराचा हप्ता, मुलीच्या दातांच्या तारा आणि ‘तुमची तिकडे मजा आहे लेको’ या तीन विषयांच्या पलीकडे हा फोन गेल्या वीस वर्षांत गेलेला नाही. २०२५ च्या मार्चमध्ये मात्र त्याने मी ‘हॅलो’ म्हणायच्या आतच विचारलं, “अरे, काका चाळीत कोंबड्या पाळायचे ना? त्यांना खायला काय घालायचे?”

अमेरिकेत तेव्हा अंड्यांनी उच्छाद मांडला होता. बर्ड फ्लूमुळे कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्या होत्या, डझनाचा भाव सहा डॉलरच्या वर गेला होता आणि तिथल्या कृषिमंत्री ब्रूक रॉलिन्स यांनी परसात कोंबड्या पाळण्याची कल्पना टीव्हीवर बोलून दाखवली होती. भावाने ती मनावर घेतली. मंत्र्याचं बोलणं मनावर घ्यायची सवय त्याला परदेशी गेल्यावर लागली. इथे मुंबईत, माझगावात होता तोवर असा नव्हता. त्याने लाकडी खुराडं मागवलं. त्याचं दार म्हणे सूर्य उगवला की आपोआप उघडतं आणि मावळला की आपोआप मिटतं. गावच्या नियमाप्रमाणे सहा कोंबड्या चालणार होत्या, कोंबडा चालणार नव्हता. आता तो स्वयंपूर्ण व्हायच्या बेतात होता, फक्त कोंबड्या दाणे खात नव्हत्या.

तसं अमेरिकन सरकारला हे वेड नवं नाही. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, त्यांच्या शेतकी खात्याने भित्तिपत्रकं काढून लोकांना कोंबड्या पाळायला सांगितलं होतं, आणि हिशोबही देऊन टाकला होता : घरात जितकी माणसं, त्याच्या दुप्पट कोंबड्या. हा हिशोब मी माझगावातल्या आमच्या ताडवाडीच्या बीआयटी चाळीतल्या खोलीला लावून पाहिला. आम्ही एका खोलीत सात माणसं. म्हणजे चौदा कोंबड्या. त्यातल्या निम्म्या आमच्या अंगावर झोपल्या असत्या आणि निम्म्यांच्या अंगावर आम्ही.

आमच्याकडे तीनच होत्या.

सन १९८२. बाबा भायखळ्याच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि चाळीतल्या प्रत्येक जाणत्या माणसाने संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत संप मिटेल असं सांगितलं. तिळगूळ संपला. होळी आली, पुरणपोळीऐवजी पुरणाची चर्चा झाली. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं कोकणात आणि घाटावर निघून गेली. आमचं गाव अलिबागेकडचं, पण तिथे आजी आणि एक गळकं छप्पर यांच्याखेरीज काही नव्हतं. तेव्हा आम्ही गावाला जाण्याऐवजी गावच आमच्याकडे आलं. एप्रिलात आजी रेवसच्या लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरली. डोक्यावर गाठोडं, हातात डालगं, आणि डालग्यात तीन कोंबड्या. लाँचमध्ये त्यांना वांती झाली होती असं आजीचं म्हणणं. कोंबडीला बोट लागते की नाही ते मला ठाऊक नाही, पण आजीला लागत असे आणि ती एकटीने कधीच आजारी पडत नसे.

“गिरणी पगार देत नाय ना?” तिने उंबऱ्यातच डालगं टेकवलं. “मग या देतील.”

बाबांनी आयुष्यात सुताशिवाय कशाला हात लावला नव्हता. त्यांनी डालग्यात वाकून पाहिलं. आतून तीन तिरके डोळे वर आले. बाबांचं मत असं पडलं की, यांच्या चेहऱ्यावर खात्यातल्या माणसांची कळा आहे. दोन दिवसांत त्यांना हुद्दे मिळाले. नेमाने अंडं घालणारी तांबडी ती परमनंट. वाटलं तर घालणारी, नाहीतर नुसतीच हजेरी लावून जाणारी पांढरी ती बदली. आणि अंडं फारसं न घालता उरलेल्या दोघींना चोची मारत फिरणारी काळी, ती जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम. बाबा म्हणत, या तिघींच्या वतीने बोलायचा अधिकार फक्त जॉबरला आहे, १९४६ च्या कायद्याने. ज्या कायद्याच्या आधारे गिरणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच एक मान्यताप्राप्त संघटना होती आणि ज्याच्याविरुद्ध संपाचे पुढारी डॉक्टर सामंत यांचा हा सगळा झगडा चालला होता, तो कायदा मला पहिल्यांदा समजला तो खुराड्यासमोर बसून. नंतर कायद्याच्या पुस्तकातही वाचला. इतका स्वच्छ नाही समजला.

खुराडं दारुखान्यातून आलं. तिथे जहाजं तोडायचा धंदा. आगबोटीच्या पोटातलं जे जे म्हणून विकता येईल ते रस्त्यावर मांडून ठेवलेलं असे. बाबांनी एक सागवानी खोका मिळवला. त्याच्यावर ‘लाइफ जॅकेट, १२ नग’ असं इंग्रजीत रंगवलेलं होतं. तो आम्ही दाराबाहेर व्हरांड्यात ठेवला. आमची चाळ मुळात बांधली गेली ती प्लेगमुळे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, गल्ल्या कोंदट म्हणून माणसं मेली, आणि १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे आमचं बीआयटी, काढून अशा चाळी उभ्या केल्या, की गरिबाला उजेड आणि वारा मिळावा. ऐंशी-पंचाऐंशी वर्षांनी तो उजेड आणि वारा नेमका व्हरांड्यात कोंबड्यांना मिळत होता. आम्ही आत होतो.

आता खाण्याचं. भावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं, पण त्याच्या काही उपयोगाचं नव्हतं, कारण त्याच्या गावाला बंदर नाही. माझगावच्या कोंबडीसारखी खाण्यापिण्याची चैन दुसऱ्या कुठल्या कोंबडीने केली नसेल. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका दाणाबंदरात माथाडी. घाऊक बाजार तेव्हा तिथेच होता, वाशीला गेला नव्हता. पोती उतरवताना सांडलेलं झाडण ते पिशवीत घेऊन येत : गहू, ज्वारी, तूर, सुतळीचे तुकडे, कधी एखादी विडी. विडी सोडून कोंबड्या सगळं खात. जॉबर विडीही उचले आणि लगेच टाके, मग बाकीच्या दोघींवर चिडे. भाऊच्या धक्क्यावरून जवळ्याचा चुरा येई. अंड्याचं कवच पातळ पडू लागलं तेव्हा म्हातारपाखाडीतल्या एका ईस्ट इंडियन आंटीने आईला सांगितलं, “शिंपल्या कुटून घाल गो, चुना लागतो त्यांना.” धक्क्यावर शिंपल्यांना काय तोटा! मी खलबत्त्यात शिंपल्या कुटत बसे. आठवड्यात कवच इतकं टणक झालं की आई अंडं पाट्याच्या कडेवर फोडायला लागली.

जवळा मात्र अंगाशी आला. कोंबडीला मासळी जास्त घातली तर अंड्याला वास मारतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस आम्ही जी अंडी खाल्ली, ती डोळे मिटून खाल्ली तर सुकट वाटत. बाबा म्हणाले, एका खर्चात दोन कालवणं झाली.

भंडारवाड्याच्या टेकडीवर, जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात, बाबा रोज पहाटे पिशवी घेऊन चारा आणायला जात. खाली पाण्याचा जलाशय, वर बाग, समोर पुरी गोदी. बाप्टिस्टा म्हातारपाखाडीचेच. टिळकांचे स्नेही, १९१६ च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, कामगारांचे पुढारी, पुढे मुंबईचे महापौरही झाले. त्यांच्या नावाच्या बागेत एक संपकरी साचेवाला कोवळं गवत आणि वाळवीचे किडे वेचतोय हे पाहून त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे. माळ्याला मात्र काय वाटलं ते त्याने पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं. नंतर दोघे विडी ओढायला लागले.

हिशोबाची वही इथे सुरू होते. माझ्या भूगोलाच्या वहीची मागची कोरी पानं फाडून बाबांनी शिवली आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. ती वही आजवर माळ्यावर होती. भावाचा फोन आला म्हणून खाली काढली. पहिल्या पानापासून बाबांचा एक राग तिच्यात दिसतो : परमनंट वेळेवर येत नाही. सोमवारी अंडं सकाळी सात वाजता. मंगळवारी आठला. बुधवारी सव्वानऊ. शुक्रवारी दुपारी. आणि मग एक दिवस खाडा! गिरणीत दोन मिनिटं उशीर झाला तर हजेरीचा टाइमकीपर फाटक लावून घेई, आणि ही रोज तासभर उशिरा येऊन वर खाडा करते, हे बाबांना सोसवेना. पुढे कळलं की अंडं तयार व्हायलाच साधारण पंचवीस तास लागतात. कोंबडीचा दिवस माणसाच्या दिवसापेक्षा तासाने मोठा. सरकत सरकत वेळ संध्याकाळवर गेली की ती सुट्टी घेते आणि पुन्हा सकाळपासून सुरू करते. हे कळल्यावर बाबांनी वहीत तिचे सगळे खाडे ‘पगारी रजा’ करून टाकले.

माझगावकराला कोंबडी आळशी वाटावी यात नवल नाही म्हणा. इथला आंबा वर्षातून दोनदा फळत असे, अशी गॅझेटियरमध्ये नोंद आहे. ज्या मातीत झाडं दोन पाळ्यांत काम करायची, तिथे कोंबडीने एका पाळीतही खाडे करावेत!

हिशोब पहिल्याच महिन्यात बिघडला. झाडण फुकट, गवत फुकट, शिंपल्या फुकट, तरी आमचं एक अंडं दुकानातल्या अडीच अंड्यांच्या भावात पडत होतं. बाबा रात्री कंदिलाशी बसून पुन:पुन्हा बेरीज करत. (वीज होती, पण हिशोब कंदिलाशीच करायचा अशी काहीतरी त्यांची समजूत होती.) गळती सापडेना. मग आईने ती दाखवली. गळती म्हणजे चाळ.

चाळीत ज्याने ज्याने म्हणून कोंबडीपुढे तांदळाची कणी टाकली, तो तो स्वत:ला भागधारक समजत होता. “आज दिलं का हो अंडं?” हा प्रश्न सकाळी नळावर बाईमाणसं एकमेकींना विचारत, दुसऱ्याच्या घरी कोणी दवाखान्यात असल्यावर विचारतात तसा. तळमजल्यावरच्या सुनेला दिवस गेलेले, तिला आठवड्याला तीन. माथाड्याच्या मुलाला खोकला लागलेला, त्याला दोन. शेजारच्या मास्तरीणबाई शुद्ध शाकाहारी. अंड्याचं नाव काढलं तरी पदर नाकाला लावीत, पण कोबीची पानं त्याच देत, आणि त्यांचा नातू दर शनिवारी ‘गणित विचारायला’ आमच्याकडे येई. गणित कधीच सुटलं नाही. अंडं मात्र सुटायचं. वहीत या सगळ्यांसाठी बाबांनी उजवीकडे एक नवा रकाना पाडलाय. वर लिहिलंय ‘उधार’ आणि कंसात, बारीक अक्षरात, ‘न येणारी’.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अंड्यांवर रेशनिंग होतं, तेव्हा घरी कोंबड्या पाळणाऱ्याने आपला अंड्यांचा हक्क सोडायचा आणि त्याच्या बदल्यात सरकारकडून कोंबडीचं खाद्य घ्यायचं, अशी पद्धत होती. आमच्या चाळीत सरकार नसतानाही तेच चाललं होतं, फक्त उलट : चाळ खाद्य देई आणि आम्ही अंड्यांवरचा हक्क सोडत होतो.

त्याच १९८२ साली पुण्याच्या डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने देशभरचे कोंबडीपालक एकत्र आले आणि राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. व्यापारी सांगेल त्या भावाला अंडी विकायची नाहीत, भाव आम्ही सांगू, असं त्यांचं म्हणणं. बाबांच्या कानावर ही बातमी गेली आणि ते दिवसभर अस्वस्थ होते. “कोंबडीवाल्यांची युनियन चालते,” ते आईला म्हणाले, “आमची चालत नाही.” आई म्हणाली, “त्यांच्यात जॉबर नसेल.”

ऑगस्टच्या सुरुवातीला परमनंट खुडूक झाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : खुडूक झालेली कोंबडी अंडी घालणं बंद करते, पिसं फुगवून एकाच जागी ठाण मांडते, जवळ गेलं की गुरगुरते आणि काही केल्या उठत नाही. जगात संप म्हणतात तो हाच. आजीकडे यावर दोन उपाय होते. थंड पाण्याच्या बादलीत बुचकळायचं, नाहीतर तिच्याच पंखातलं पीस काढून नाकपुडीतून आरपार घालायचं. आजीने बादली भरलीसुद्धा.

बाबा मधे उभे राहिले. “बसलेल्याला असं उठवायचं नसतं,” ते म्हणाले. “तिचं काय मागणं आहे ते बघू.”

मागणं उघडच होतं, तिला अंडी उबवायची होती. पण आमच्याकडे कोंबडा नव्हता, आणि कोंबड्यावाचून आलेल्या अंड्यावर कितीही बसलं तरी त्याचं पोळीबरोबर खाण्याखेरीज काही होत नाही. म्हातारपाखाडीच्या आंटीकडे कोंबडा होता. तिने नऊ अंडी दिली. पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर वहीत खर्च पडला असता, म्हणून बाबांनाही ते बरं वाटलं. परमनंट एकवीस दिवस बसली. त्या एकवीस दिवसांत, १८ तारखेला, मुंबईच्या पोलिसांनीच बंड केलं, रस्त्यावर जाळपोळ झाली, लष्कर आलं. आमच्या व्हरांड्यातून गाड्यांचे आवाज ऐकू येत होते. गिरणी बसलेली, पोलीस बसलेले, परमनंट बसलेली. जॉबर तेवढी येरझाऱ्या घालत होती.

एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. “बघा,” बाबा चाळीला सांगत होते, “ऐकून घेतलं तर एकवीस दिवसांत मिटतो.”

पिल्लांचं पुढे काय झालं ते फार सांगण्यासारखं नाही. टेकडीवरच्या घारीने दोन नेली. एक बोक्याने. दोन घुशीने, त्याही एका रात्रीत. माझगावची घूस पाहिलेल्या माणसाला याचं आश्चर्य वाटणार नाही, तिच्या मानाने बोका हा सभ्य गृहस्थ. राहिली दोन. एक तलंग आणि एक संशयित. त्या संशयितावर चाळीत तीन महिने वाद झाला. तुरा मोठा आहे म्हणून कोंबडा. नव्हे, चाल बायकी आहे. मास्तरीणबाईंनी प्राण्यांविषयी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी त्यांनीही एकदा सांगितलं की, डोळ्यांत पुरुषी अहंकार दिसतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. संप सुरू झाल्यापासून भोंगा बंद होता. गिरणगावात घड्याळ ही शोभेची वस्तू. माणसं भोंग्यावर उठत, भोंग्यावर डबा भरत, भोंग्यावर भांडण थांबवत. जानेवारीपासून सकाळ नुसतीच उजाडू लागली. बाबा तरीही पाचला उठत, दाढी करत, आणि कुठे जायचं नसल्यामुळे गवत आणायला जात. आजी म्हणे, एवढं चापूनचोपून कोंबडीसाठी कोण तयार होतं!

३१ डिसेंबरच्या रात्री बाराला बंदरातली सगळी जहाजं भोंगे वाजवतात. माझगावात त्या रात्री कोणी झोपत नाही, झोपू शकत नाही. त्या वर्षीही वाजले. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. आवाज हळूहळू विरत गेला, शेवटचं एक जहाज रेंगाळत थांबलं, आणि त्या शांततेत लाइफ जॅकेटच्या खोक्यातून घशात काटा अडकल्यासारखा एक आवाज आला. मग पुन्हा, जरा सुधारून. संशयित आरवला होता. सगळी चाळ हसायला लागली. बाबा हसले नाहीत. ते पंचा घेऊन सरळ मोरीत गेले, तोंड धुऊन बाहेर आले आणि मग त्यांना कळलं की रात्रीचे बारा वाजलेत.

त्याचं नाव अर्थातच भोंगा पडलं. पण भोंगा गिरणीच्या भोंग्यापेक्षा बेशिस्त निघाला. रस्त्यावरचा दिवा लागला की आरवे, लोकल शिटी मारून गेली की आरवे, रात्री अडीचला कोणी कडी वाजवली तरी आरवे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. आमचं कोंबडं झाकलं तर आतून दुप्पट आरवायचं. गोदीत रात्रपाळी करणाऱ्या काकांनी जानेवारीत तक्रार केली. सभा झाली. कापावा असं ठरलं, आणि मग कापणार कोण आणि खाणार कोण यावर सभा मोडली, कारण त्याला कणी टाकली नाही असं एकही बिऱ्हाड चाळीत नव्हतं. शेवटी आंटी येऊन त्याला घेऊन गेली. तिचा कोंबडा म्हातारा झाला होता. जाताना आईला तिने बॉटल मसाल्याची एक बाटली दिली. बियरची, घट्ट बूच मारलेली. वहीत जमेला ‘मसाला, बाटली १’ अशी नोंद आहे. तेवढ्या एका महिन्यात धंदा फायद्यात दिसतो.

संप मागे घेतला असं आजतागायत कोणी अधिकृतपणे सांगितलेलं नाही, तो नुसताच विरला. बाबांना पुढे नेस्बिट रोडच्या बाजूला एका सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली, रात्रपाळीची. कोंबड्या एकेक करून म्हाताऱ्या झाल्या.

भावाने गेल्या महिन्यात फोनवर सांगितलं की, त्याच्या संगणकातल्या हिशोबाप्रमाणे खुराड्याचा खर्च धरून त्याचं एक अंडं अकरा डॉलरला पडतंय. काकांचा शेवटी काय भाव आला, हे त्याला हवं होतं. मी वहीच्या शेवटच्या पानांचे फोटो काढून पाठवले. खर्चाच्या बाजूला नेहमीचीच रड. जमेच्या बाजूला १ जानेवारी १९८३ ही तारीख टाकून बाबांनी एवढंच लिहिलंय : ‘भोंगा वाजला.’ पुढे रकमेची जागा कोरी.

दोन मिनिटांनी त्याचा निरोप आला. “हे कुठल्या रकान्यात टाकू? आणि जाता जाता सांग, माझी एक तीन दिवस उठतच नाहीये. इथले लोक म्हणतात थंड पाण्यात बुडव. बुडवू?”